तिनं भरलेला बार

माझी मंडळी, माझी बायको, कार्तिकात वारली, तेव्हा आमच्या बंदुकीत बार भरलेला होता. तो तिनंच आदल्या दिवशी दिवेलागणीला भरला होता. भात पिवळं पडलं होतं आणि डुकरं रोज खालच्या खाचरात उतरत होती. नेमकी त्या दिवशी आली नाहीत. बंदूक तशीच भरलेली घरी आणली आणि ओटीवरच्या खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या ती म्हणाली, "छातीत कसं तरी हुतंय." पिरंगुटच्या दवाखान्यात पोचायच्या आत, गाडीतच संपलं. मी शेजारी बसलो होतो, माझ्या खांद्यावर तिचं डोकं होतं. मला वाटलं झोप लागली. सुनेनं हात लावून बघितलं आणि ती ओरडली, तेव्हा मला कळलं.

पुढं भात दुसऱ्यांनी कापलं, दुसऱ्यांनी झोडलं. मी ओटीवर बसून बघत होतो. डोक्यावर बंदूक टांगलेली. तिला मी हात लावला नाही.

पौषात पोलीस पाटील आले. निवडणुका लागल्यात, परवान्याची हत्यारं आठ दिवसांत पौडच्या ठाण्यात जमा करा म्हणाले. हे दर निवडणुकीला असतं. बंदूक रिकामी करायची, पोत्यात गुंडाळायची, नेऊन द्यायची, पावती घ्यायची, मतमोजणी झाली की परत आणायची. त्यात नवीन काही नव्हतं. पण माझा मुलगा तिथंच उभा होता. तो पिरंगुटला कंपनीत कामाला असतो, त्या दिवशी त्याला सुट्टी होती.

"आबा, जमा करतायच तर कायमचीच करा," तो म्हणाला. "परवान्याची मुदत बी संपत आलीय. कशाला परत कागदं नाचवायची?"

"माझ्या बापाची बंदूक हाय ती. मी मेल्यावर काय करायचं ते कर."

"डोळ्याला दिसतंय का तुमाला?"

"डुक्कर दिसतं."

"उद्या म्हशीला डुक्कर म्हनाल."

"तुझ्या आईनं जल्मात कधी बंदुकीला न्हाई म्हटलं न्हाई," मी म्हणालो. "तिला काय कमी कळत व्हतं? तूच मोठा शहाणा लागून गेलास."

आईचं नाव काढल्यावर तो गप्प झाला. मला तेवढंच पाहिजे होतं. मी ठरवून टाकलं की बंदूक जमा करायची आणि मुदतवाढीचा अर्जही त्याच दिवशी द्यायचा. जीव जाईपर्यंत ती माझ्याच नावावर राहणार. घरात आता माझं म्हणावं असं दुसरं काय उरलं होतं? रिह्याच्या खोऱ्यातली निम्मी जमीन फार्महाउसवाल्यांना गेली. उरलेल्या जमिनीचं सगळं मुलगा बघतो. गुरं सून बघते. बायको गेली. बंदूक तेवढी माझी.

आता ज्यांनी ठासणीची बंदूक बघितलेली नाही त्यांना थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ही काडतुसाची नव्हे. एकच नळी, तिच्या तोंडातूनच सगळं आत घालायचं आणि लोखंडी गजानं ठासायचं. कागदावर बारा बोअर लिहिलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर माझा अंगठा नळीत बसायचा आणि पेरापाशी अडायचा. आधी काळी दारू ओतायची. तिच्यावर काथ्याचा बोळा. मग शिशाचे छर्रे. त्यांच्यावर परत चिंधीचा बोळा, म्हणजे नळी खाली केली तरी छर्रे सांडत नाहीत. मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्याच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते, बार उडतो. टोपी आम्ही ऐनवेळीच बसवायचो. टोपी नसेल तर भरलेली बंदूकसुद्धा नुसती टांगून ठेवता येते.

दारूचं माप वजनात नसतं, बोटांत असतं. रिकाम्या नळीत गज टाकला की त्याचं टोक नळीच्या तोंडाला सपाट येतं. बार भरला की गज तेवढा वर राहतो. वर राहिलेला गज किती बोटं आहे ते आडवी बोटं लावून मोजायचं. ससा, पाखरू असेल तर सगळं मिळून चार बोटं. डुकराला पाच, त्यातली तीन दारू आणि बोळ्याची, दोन छर्ऱ्यांची. छर्रेही मोठे, उडदाच्या दाण्याएवढे. त्यानं डुक्कर जागेवर मरत नाही, पण पळतं आणि महिनाभर त्या खाचरात फिरकत नाही. आम्हाला तेवढंच पाहिजे असतं. सहा बोटं कुणी भरत नाही. माझ्या बापाच्या वेळी एकानं भरली होती, नळी फुटून त्याची दोन बोटं गेली. मग तो आयुष्यभर उरलेल्या बोटांनी माप घ्यायचा आणि लोक त्याला विचारायचे, "पाटील, तुमची पाच म्हंजे आमची किती?"

बोटं कुणाची, हे म्हणून महत्त्वाचं. उडवणाऱ्याची बोटं धरायची असा आमच्यात रिवाज.

सात वर्षं झाली असतील, माझ्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. एकाचं ऑपरेशन केलं, ते बिघडलं. दुसऱ्याला मी हात लावू दिला नाही. त्याच हंगामात एक दिवस मंडळी म्हणाली, "अवं, आता बार मी भरत जाईन. तुमाला दारू किती पडली ती दिसत न्हाई. नळी फुटंल."

"तुला काय येतंय?"

"चाळीस वर्सं बघत्येय की. भाकरीपरास सोपं हाय."

मला बरंच वाटलं. कबूल करायला लाज वाटत होती, पण दारू ओतताना माझा हात थरथरायचा. तेव्हापासून तीच भरायची. मी नळी उभी धरून बसायचो, ती ओतायची, ती ठासायची. छर्रे खळखळ आत जाताना ऐकू यायचे. शेवटी ती म्हणायची, "द्या हात." माझा हात धरून गजाला लावायची. तिची बोटं बारीक. तिची सहा म्हणजे माझी पाच. म्हणून तिनं स्वतःच्या बोटांनी कधी मोजलं नाही, माझाच हात धरायची. "मोजा. पाच हायेत का?" मी चाचपून म्हणायचो, "हायेत."

म्हाताऱ्या नवरा-बायकोनं हातात हात धरायचा प्रसंग आमच्याकडं येत नाही. आमचा तेवढाच यायचा. हंगामात आठ-दहा वेळा.

मग आम्ही दोघं खाचराच्या कडेच्या माळ्यावर बसायचो. ती पत्र्याचा डबा घेऊन, मी बंदूक घेऊन. भातात सळसळ झाली की ती म्हणायची, "तितं, चिंचंच्या बाजूला." मी तिकडं बार काढायचो. धूर, वास, सगळं खोरं दणाणायचं. वरच्या फार्महाउसमधल्या एक पुण्याच्या बाई एकदा तावातावानं आल्या होत्या, त्यांचा कुत्रा पलंगाखालून बाहेर येत नाही म्हणून. मंडळीनं त्यांना भाताचे पोहे देऊन परत पाठवलं.

पण सात वर्षांत एक डुक्कर मला लागलं नाही. एकाच्या अंगावरचा केस विस्कटला असेल तर शपथ. मला त्याचं लई वाईट वाटायचं. वर धक्काही कमी बसायचा. पूर्वी बार काढला की खांदा दोन दिवस दुखायचा, हल्ली नुसता ढकलल्यासारखा वाटायचा. मला वाटलं दारूच पाणचट यायला लागली. दुकानदाराला शिव्या घातल्या. आणि खरं सांगायचं तर तिलाही बोललो. चारचौघांत बोललो. चहाच्या हॉटेलात बसून म्हणायचो, "बाईच्या हातचा बार हाय, डुक्कर बी हसत हसत जातंय." लोक हसायचे. तिच्या कानावर गेलं तर ती म्हणायची, "हसंना का. भात राहतंय न्हवं?"

भात राहायचं, हे खरं.

तर पोलीस पाटील येऊन गेल्यावर चार दिवसांनी मी बंदूक खाली काढली. दुपारची वेळ होती. अंगणात एक कातकरी गडी लाकडं फोडत होता. आमच्या वरच्या वाडीतला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. लहानपणापासून आमच्याकडं कामाला येतो आणि आमच्याशी आमच्याच बोलीत बोलतो. एका पायानं लंगडतो. घरात दुसरं कुणी नव्हतं.

भरलेली बंदूक रिकामी करायचे दोन मार्ग. एक, बार उडवून टाकायचा. पण आचारसंहिता लागलेली, आवाज केला तर ठाण्यातून फोन येणार. आणि दुसरं कारण असं की मला तो बार उडवायचा नव्हता. तिच्या हातचं शेवटचं काम होतं ते. भाकरी, कालवण सगळं संपून गेलं होतं. लोणच्याची बरणी सुनेनं धुवून ठेवली होती. तिनं हातानं केलेलं आणि अजून जसंच्या तसं राहिलेलं घरात एवढंच होतं, नळीत ठासलेलं. ते मी काय धूर करून घालवू?

म्हणून दुसरा मार्ग धरला. मागच्या भोकातून थेंब थेंब पाणी सोडलं, दारू भिजू दिली. मग गज टाकून बघितला. वर राहिला. मी आडवी बोटं लावली. पाच. माझी पाच, बरोबर. हात धरायला कोणी नव्हतं आणि मी उगाचच थोडा वेळ तसाच बसलो.

गजाच्या टोकाला पिळाचा खिळा लावता येतो, बाटलीचं बूच काढतात तसा. तो फिरवून वरची चिंधी ओढून काढली. तिच्या जुन्या लुगड्याची होती, हिरव्या काठाची. मग परातीवर नळी पालथी केली आणि ठोकली. छर्रे घरंगळत खाली आले.

आवाज वेगळा आला.

परातीत शिसं पडलं की टणटण वाजतं. हे नुसतं टपटपलं. मी मूठभर उचललं. हलकं लागलं. डोळ्यांपाशी नेलं तर काळं, गोल, छर्ऱ्यासारखंच. मला काही उमजेना. एक दाणा तोंडात टाकला आणि दाढेखाली धरला. शिसं दबतं. हा कडकन फुटला.

उडीद होते. बांधावरचे आमचेच उडीद.

मी बारीक पीठ जिभेवर घेऊन तसाच बसलो. आधी मनात आलं, बिचारीचं शेवटच्या दिवशी चित्त ठिकाणावर नसेल. छातीत कळ आदल्या दिवसापासूनच असेल, चुकून डबा बदलला असेल. डोळ्यांत पाणी आलं. मग छर्ऱ्यांचा डबा आठवला. ऑपरेशनच्या आधी पुण्याहून किलोभर आणले होते. सात हंगाम झाले, तळाला गेला असणार. मी आत गेलो, कोनाड्यातून डबा काढला. तो उचलतानाच माझ्या हाताला कळलं. काठोकाठ भरलेला होता. वरून फक्त थोडा खालावलेला, तेवढाही मी स्वतः भरायचो तेव्हाचा.

म्हणजे एक दिवस नव्हे. सात वर्षं.

मी डबा आणि परात घेऊन बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. सात वर्षं मी डुकरांवर उडीद उडवत होतो आणि माझी बायको शेजारी बसून "तितं, चिंचंच्या बाजूला" म्हणत होती. मला राग आला. मेलेल्या बायकोचा एवढा राग येऊ नये, पण आला. मोठ्यानं शिवी हासडली.

कातकरी गड्यानं कुऱ्हाड थांबवली. "काय झालं दादा?"

"बघ हे. बघ तुझ्या वैनीनं काय केलंय. बंदुकीत उडीद!"

तो जवळ आला, परातीत वाकून बघितलं आणि हसला. "म्हंजी डुकराला तुमी डाळ घालत व्हता." मग माझ्या तोंडाकडं बघून त्याचं हसू गेलं. कुऱ्हाड खाली ठेवली. हळूच म्हणाला, "वैनी बोलली न्हाई मंग तुमाला. मरताना बी न्हाई?"

"काय बोलली न्हाई?"

"जाऊ द्या दादा."

"काय बोलली न्हाई? सांग, न्हाईतर हितंच डोकं फोडीन."

"माझं का तुमचं?" तो म्हणाला, पण हसला नाही. माझ्यासमोर जमिनीवर बसला, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय पुढं केला. पोटरीच्या मागं बारीक वण होते, देवीच्या व्रणासारखे. मला नीट दिसेना. "हात लावा," तो म्हणाला. त्यानं माझं बोट धरून एका जागेवर ठेवलं. कातड्याखाली काहीतरी गोल होतं. दाबलं की सरकत होतं.

"तीन वैनीनं काढलं. ह्यो आत गेला व्हता, गावला न्हाई. थंडीचं दुखतंय."

बोट काढून घ्यायचं सुचेना. माझ्या बोटाखाली माझा छर्रा होता.

त्यानं सांगितलं ते असं. सात वर्षांमागं, बार अजून मीच भरत होतो तेव्हा, खालच्या खाचरात उंदरांनी बांध पोखरला होता. कातकरी माणसं बिळं खणून उंदीर काढतात, ते त्यांच्या खाण्यात असतं, बिळात साठवलेल्या लोंब्याही त्यांना मिळतात. मंडळीनं त्याला बोलावलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण उभ्या पिकात वाडीवरची माणसं शिरलेली मला खपत नसे, मी ओरडायचो. तिनं त्याला दुपारी ये म्हणून सांगितलं. तो दिवसभर वरच्या फार्महाउसवर कामाला अडकला आणि आला दिवेलागणीला. बांधाशी वाकून खणत होता. मी माळ्यावर होतो. त्या दिवशी एकटाच होतो, ती घरी धारा काढत होती. मला भातात काळं काहीतरी हलताना दिसलं. पाच बोटं भरलेली होती. चाळीस पावलं असतील.

ती संध्याकाळ मला चांगली आठवत होती. मी ती शंभर वेळा सांगितली होती. बार काढला, भातातून किंकाळी आली, आणि मी माळ्यावर उभा राहून ओरडलो, "लागलं! लागलं!" दुसऱ्या दिवशी बांधावर रक्त होतं. मी त्यात बोट बुडवून लोकांना दाखवलं. हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. जखमी डुक्कर ओढ्यानं वर गेलं म्हणून सांगितलं.

"वढ्यानंच गेलो," तो म्हणाला. "रांगत. तुमच्या गोठ्याच्या मागं आलो. वैनी धार काढत व्हती. मला बघून भांडं तिच्या हातातनं पडलं."

"मी कुटं व्हतो?"

"तुमी ओटीवर. कोनाला तरी डुकराची गोष्ट सांगत व्हता. आमाला आत ऐकू येत व्हती. ती सुई तापवून छर्रं काढत व्हती आन् तुमी म्हनत व्हता, डुक्कर एवढं मोठं, एवढं मोठं."

मी ओटीवर बसून हात पसरून दाखवत होतो. भिंतीच्या पलीकडं माझी बायको त्याच्या तोंडात पदराचा बोळा कोंबून पोटरीतून शिसं काढत होती, आवाज बाहेर येऊ नये म्हणून.

पुढं महिनाभर ती रोज वाडीवर जायची. कोंबडी खुडुक बसलीय, बघून येते म्हणायची. हळद, तूप, कसला तरी पाला न्यायची. मी एकदा तिला अडवलं होतं. "रोज रोज काय गं वाडीवर? तितं कोन तुझा मामा बसलाय?" ती डोक्यावर पदर घेऊन चालू पडली होती. आणि हा गडी जेव्हा परत कामाला आला, लंगडत, तेव्हा मी विचारलं होतं, "काय रं, काय झालं पायाला?" तो म्हणाला होता, "कोयता लागला दादा." मी म्हणालो होतो, "पिऊन पडला असशील." हसलोही होतो.

"मला का न्हाई सांगितलंस?" मी विचारलं.

"वैनीनं पाय धरलं माझं. म्हनली, चूक माझी हाय, मी तुला बोलावलं. ह्यांना कळलं तर ह्यांचं काय व्हईल सांगता येत न्हाई. म्हनली, परत कधी असं व्हनार न्हाई, मी बघते." तो पँट खाली करत म्हणाला, "आन् ठाण्यात गेलो असतो तर काय, दादा? बंदूक तुमची, पर मलाच बसवून ठेवलं असतं. दुसऱ्याच्या रानात अंधारायच्या टायमाला काय करत व्हतास म्हनून."

त्याचं खरं होतं.

तो परत लाकडं फोडायला गेला. मी पायरीवरच बसून राहिलो. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, परातीतले उडीद आणि उघडी बंदूक बघून त्यानं विचारलं, मी त्याला सगळं सांगितलं. तोही खाली बसला. परातीतले चार उडीद उचलून तळहातावर फिरवले. मग म्हणाला, "आईनं मला म्हटलं व्हतं, आबांच्या बंदुकीची काळजी करू नको. मला वाटलं ती तुमची बाजू घेतीया."

मी दोन दिवस जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. डोक्यात एकच फिरत होतं. मला का नाही सांगितलं? पन्नास वर्षांचा संसार. मी परका होतो का? मी त्याला दवाखान्यात नेलं असतं, बंदूक फेकून दिली असती, त्याची माफी मागितली असती. असं मी स्वतःशी म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी गोठ्यात शेण भरताना मला उत्तर सापडलं आणि शेणाची पाटी हातात तशीच राहिली. यातलं मी काहीच केलं नसतं. मी त्यालाच शिव्या घातल्या असत्या. "उभ्या पिकात कशाला मेलास?" म्हणालो असतो. तिला मारलं नसतं, पण वर्षभर टोचलं असतं, तू बोलावलंस म्हणून झालं. आणि पुढच्या हंगामात परत पाच बोटं भरून माळ्यावर बसलो असतो, कारण डोळे गेलेत हे मी कबूलच करत नव्हतो. ती मला पुरती ओळखून होती. त्या सात वर्षांत खाचरात कोण कोण वाकलं असेल, खेकडी धरायला, सरपणाला, आणि मी चिंचेच्या बाजूला बार काढत होतो. तिनं उडीद भरले नसते तर मी आज कुठं असतो आणि ती माणसं कुठं असती, हा विचार आला की अजून रात्री उठून बसतो.

मुदतवाढीचा अर्ज मी फाडला. मुलाला म्हणालो, कायमची जमा करायची.

ठाण्यात खरं काय ते सांगून टाकायचं, असंही माझ्या मनात होतं. मी त्या गड्याला तसं बोललो, तर तो चिडला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा चिडला. "तुमाला हलकं वाटावं म्हनून माझं नाव कागदावर घालनार व्हय? मी मेलो तरी कागदावर नाव नको." म्हणून मी इथंही कुणाचं नाव घेत नाही. पण तुमच्यासंगती येतो म्हणाला. का, ते मी विचारलं नाही.

पौडला आम्ही तिघं बसनं गेलो. बंदूक पोत्यात. तो आत आला नाही, फाटकाबाहेरच्या झाडाखाली बसला. हवालदार तरुण होता. त्यानं ठासणीची बंदूक कधी हातात धरली नव्हती. नळीत अंगठा घालून बघितला, गज ओढून बघितला.

"बाबा, ही उडते तरी का?"

"उडती."

मुलगा कागद भरत होता. 'कारण' या रकान्यात त्यानं लिहिलं, वय झाले व दृष्टी कमी. मला वाचून दाखवलं. मी मान हलवली. हवालदार शिक्का शोधता शोधता सहज म्हणाला, "आणि हिच्यानं कधी कुणाला लागलं बिगलं न्हाई ना?"

मुलाचं पेन थांबलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. झाड दिसत होतं, माणूस दिसत नव्हता, माझ्या डोळ्यांना तेवढं लांबचं दिसतच नाही. पण तो तिथं होता आणि इकडंच बघत होता, हे मला ठाऊक होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

शिक्का बसला. हवालदारानं बंदूक उचलून आत नेली, काठी नेतात तशी. माझ्या बापाची बंदूक. मला वाटलं होतं पोटात तुटेल. काहीच झालं नाही. नुसते कान बंद झाल्यासारखे वाटत होते, बार जवळून उडाल्यावर होतात तसे.

मुलगा तिथूनच कामावर गेला. आम्ही दोघं रिह्याच्या बसची वाट बघत उभे राहिलो. मी म्हणालो, "न्हाई म्हनालो मी."

"बेस केलं."

"पाय लई दुखतो का रं?"

"थंडीचा. सांगितलं की."

"डॉक्टरकडं जाऊ. काढून टाकू तो."

"सात वर्सं ऱ्हायलाय. आता त्याला काय घालवता?" तो म्हणाला. मग म्हणाला, "बघू. भात लावनी झाल्यावर."

बस आली. पायरी उंच होती आणि त्याला दुखऱ्या पायावर चढता येईना. मी मागून हात दिला, तसा तो वर गेला. माझाच पाय पायरी चुकून खाली गेला आणि मी दांडीवर आपटलो. त्यानं वरून माझं मनगट पकडलं.

"दादा, तुमाला पायरी दिसंना आन् मला चढवताय व्हय? सरका. मी वढतो तुमाला."

कंडक्टर ओरडत होता, लवकर करा म्हणून. गड्यानं ओढलं आणि मी वर चढलो.